मान हलवल्याचं प्रकरण

३ मार्च १९३६

ती. आत्या,
सप्रेम सलाम वि. वि.

शुद्धलेखनाला आधीच माफ कर. शाळा सोडल्यापासून ऱ्हस्व-दीर्घाने माझ्याशी बोलणं टाकलंय. त्यात हे एका बोटाने टाइप करतेय. वकिलांचा टाइपरायटर बाबांच्या दुकानात दुरुस्तीला आला होता. बाबा म्हणाले, नीट चालतोय का बघ, म्हणून तुलाच लिहिते.

आत्या, घोळ झालाय. परवा प्रार्थना संपल्यावर फादरांनी मला दारातच गाठलं. म्हणाले, आत्यासारखं मठात जावंसं वाटतं ना? तुला माहितीये, कुणी काही विचारलं की मी मान हलवते आणि सुटते. तशीच हलवली. फादरांच्या डोळ्यांत पाणी! आईने तर गल्लीभर सांगितलं की पोर उगाच गप्प नसायची, मनात देवाशी बोलायची. अगं, मी मनात तुटलेली स्प्रिंग शोधत असते!

देव मला आवडतो. पण मला दुकानात बाबांशेजारी बसून मशीन खोलायची आहेत. पंधरा तारखेच्या रविवारी फादर सगळ्यांसमोर माझं नाव सांगणार. आई इतकी खूश आहे की ताटात रोज जास्तीचं वाढते. आता नाही म्हटलं तर ते देवालाच नाही म्हटल्यासारखं होईल का गं? तूच फादरांना लिही ना.

लोभ ठेव, सध्या जरा जास्तच लागेल.
तुझी घुमी

७ मार्च १९३६

चि. घुमी,
पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचून मी जेवणघरात इतकी हसले की मोठ्या सिस्टरनी डोळे वटारले. मठ म्हणजे गप्प बसायची जागा, हे तुमच्या गल्लीला सांगितलं कुणी? इथे कपडे धुताना जी बडबड चालते, ती ऐकून तू पहिल्याच दिवशी कपाटात लपशील.

मी फादरांना लिहिणार नाही. रुसू नकोस. मी इकडे निघाले तेव्हा तुझे आजोबा दाराला कुलूप घालून बसले होते. कुलूप तुझ्या बाबांनी खोललं, पण आजोबांसमोर बोलले मीच.

देवाच्या मनातलं मला कळत नाही. पण मान हलवून सुटणं म्हणजे त्याला हो म्हणणं नव्हे, एवढं कळतं. आधी आईला सांग. वहिनी रडेल, रडू दे.

बोललीस की कळव, नाहीतर लोभ आखडता घेईन.
आत्या

१९ मार्च १९३६

ती. आत्या,
सप्रेम सलाम.

आईला आधी सांगायचं जमलंच नाही. स्वयंपाकघरात जायचे आणि पाणी पिऊन परत यायचे. पाण्यानेच पोट भरलं.

रविवारी फादरांनी नाव घेतलं. सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी उभी राहिले. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून मला बोलायची सवय आहे ती ओरडूनच. तोच आवाज निघाला! म्हटलं की मला मठात जायचं नाही, चुकून मान हलवली, मला देव हवाय आणि दुकानही. पुढच्या बाकावरचं तान्हं दचकून रडायला लागलं. बाबा उठून म्हणाले की त्यांना सगळं स्पष्ट ऐकू आलं. मग फादर म्हणाले की चूक त्यांचीही आहे, उत्तर न ऐकताच ते खूश होऊन बसले.

आई मात्र घरी येऊन दार लावून रडली. म्हणाली, नाही म्हणालीस त्याचं नाही वाटत, पण मला चारचौघांत कळावं? मी माफी मागितली. तोंडाने. अजून फुगलेलीच आहे. आता तिने नियम केलाय की मान हलवली तर वाढणार नाही, हवं ते बोलून माग. काल मी दुसऱ्यांदा भाजी मागितली तेव्हा तिला हसू आवरलं नाही. झोपताना मी देवालाही मोठ्याने सांगितलं, रागावू नकोस. आई शेजारच्या खोलीतून म्हणाली, हळू बोल, तो काही बहिरा नाही.

तुझा लोभ आखडू नकोस, आता तर सैल सोड.
घुमी

अगं, शेजारच्या न्हाव्याची शेळी आमच्या छपरावर चढलीय! पळते.