बिननावाची घळ

५ मे १९०९, युटा
पोचलो एकदाचा! खेचराच्या पाठीवर अंग आंबून गेलं, पण तांबड्या कड्यांखालचा तळ पाहिला आणि शीण पळाला. वीस वर्षांपूर्वीचा मोजणीचा नकाशा आम्ही दुरुस्त करायचा. स्टोव्हरसाहेब, आचारी ओले आणि मी. जेवायला घेवडा, खारवलेलं डुकराचं मांस, कडक कॉफी. मी, वेंडेल हार्मन, कधी नाव काढणार नाही म्हणणाऱ्या माझ्या बापाने आता बघावं.

८ मे
नकाशा सुरेख आहे. जवळजवळ प्रत्येक घळीला कुणा ना कुणा माणसाचं नाव. एखादीला माझंही द्या, असं सहज म्हटलं, तर साहेब खो खो हसले. जिवंत माणसाचं नाव नकाशावर घालत नाहीत, खात्याचा नियम आहे. एवढी हौस असेल तर आधी मर बाबा, म्हणाले. ओलेनेही दात काढले. फार लागलं मला. दोघं खेचरांना पाणी दाखवायला गेले तेव्हा एका बिननावाच्या घळीवर पेन्सिलीने लिहून टाकलं: हार्मन. बसा बोंबलत! लिहिताना कड्यांतून कुणी हाक मारल्यासारखं वाटलं. एकदाच.

९ मे
नाव पुसायला गेलो, पुसेना. पेन्सिल कुठली, छापील शाई आहे, वीस वर्षांत फिकटलेली. साहेबांना दाखवलं. ते बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले. माझ्याकडे नाही.

११ मे
ओलेने दोनच थाळ्या मांडल्या. मस्करी वाटली. माझी मागितली, तर तो भांडी घासत राहिला. साहेब त्याला सांगत होते, हार्मन चांगला होता रे, जरा तापट.

होता?

१२ मे
माझे बूट ओलेच्या पायात. साहेबांचा दंड धरला, त्यांनी माशी हाकलावी तसा झटकला. चाकूने नाव खरवडलं. कागद फाटला, खाली पुन्हा तेच —

१३ की १४
त्यांनी तळ हलवला. मी मागे धावलो. कुठेही वळलो तरी याच, माझ्या नावाच्या घळीत येतो. तोंडाशी त्यांचे तंबू दिसतात, पण गाठता येत नाहीत. पाणी नाही. तहानही —

तारीख माहीत नाही
माझ्या जागी नवा माणूस आलाय. हसरा. साहेबांनी नियम सांगितला, तो रुसला. आता एकटाच नकाशावर वाकलाय, पेन्सिल काढली — मी ओरडलो. त्याने ऐकलं! मान वर केली. अजून एक हाक मारली तर थांबेल.

मलाही एकच हाक आली होती.

शेजारची घळ रिकामी आहे, आणि इथे बोलायला माणूस —