बाळनं घरात मराठी बंद केली

७ जानेवारी १९५१, रविवार. अंबरनाथ

बाळनं आज भिंतीवर कागद डकवला — घरात मराठी बंद! फक्त हिब्रू. मार्चात इस्राएलला जायचं, तिथं आपली बोली चालत नाही म्हणे. मुंबईहून हिब्रू शिकवायला मास्तर येतो रविवारचा, त्यानं भरवलंय डोक्यात. चाळिशी आली माझ्या मुलाची, तरी कोणीही यावं नि फूस लावून जावं!

मी सांगून टाकलं — माझी चौथी झालीय तेवढी पुरे. मी येत नाही कुठं.

१० जाने.

डोकं तडकलंय. आम्हा यहुद्यांत दुधाचं भांडं वेगळं, मटणाचं वेगळं. बोलण्याचंही तसंच. घरात मराठी. कारखान्यात साहेबापुढं बाळची इंग्रजी. हिब्रू देवापुढं. आता तीच घेऊन मीठ मागायचं? बाळ म्हणतो, "आई, तिथं भाजीवालासुद्धा हिब्रूत ओरडतो." ओरडू दे! माझ्या चुलीपाशी नको.

१४ जाने.

परवाचं लिहायचं राहिलं, शुक्रवारच्या सांजेपासून शनिवारभर शब्बाथ, त्यात लेखणी धरत नाही मी. शुक्रवारी दिवा लावून डोळे मिटले, तोच नात मागून काहीतरी बोलली. मिर्यम, आठ वर्षांची. हिब्रूत! सून म्हणाली, "परसाकडे जायचंय तिला." देवाच्या भाषेत परसाकडे! दिली एक ठेवून गालात. वर बजावलं — त्या भाषेत माझ्याशी बोललीस तर याद राख.

१६ जाने.

मिर्यम जवळ येत नाही. न येवो.

२१ फेब्रु.

मी बोलायचंच सोडलंय. माझी मराठी नको ना? घ्या! शेजारच्या कमळाबाई दारातनं डोकावल्या — "राजाबाई, कोणी आजारी आहे का हो? आठ दिवस तुमचा आवाज नाही!" बाळ हसला. हसतो मेला!

सून भाकऱ्या थापताना हळूच म्हणाली, "आई, मिर्यमशी तरी बोला. तीन आठवडे राहिले." मराठीत म्हणाली. बाळनं ऐकलं, पण भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं नाही.

मी का बोलू? तिनं यावं आधी.

१४ मार्च

गेले. मास्तरही त्यांच्याबरोबर गेला.

टांगा हलला तशी मिर्यम मागं वळून ओरडली. हिब्रूत. तेच तीनदा. मला पाठ झालंय.

अर्थ कोणाला विचारू?