चार नंबरची वायर

३ डिसेंबर, बुधवार
आधी दुरुस्ती. सोमवारी लिहिलं की क्लास चालवणाऱ्या सरांनी तो बटणांचा डबा ऑफिसच्या कामासाठी आणला. चूक. त्यांनी तसं सांगितलंच नव्हतं. मीच गृहीत धरलं आणि शाईने लिहून मोकळी झाले.

डबा केबिनमध्ये बसवलाय. पार्टिशनला भोक पाडून चार वायरी पलीकडे, टायपिंग क्लासच्या चार कॉम्प्युटरना. इकडे एक स्क्रीन, एक कीबोर्ड, एक खुर्ची. बटण दाबलं की त्या नंबरचा कॉम्प्युटर इथून चालतो. सरकारी टायपिंग परीक्षेच्या दिवशी चौघांचे पेपर मी इथे बसून टाईप करायचे, एकामागून एक.

"असा स्पीड मेहकरात हाय कोणाचा, बेटा?" सर म्हणाले. कौतुक म्हणे.

मी नाही म्हणाले नाही. बाबांची नजर गेल्यापासून घरात पगार माझा एकटीचा.

५ डिसें., शुक्र.
तालीम. तिघे आले: सरांच्या साळ्याचा मुलगा सचिन आणि त्याचे दोन मित्र. वर्षभर फी भरून सचिनला कीबोर्डवर 'क' सापडत नाही. स्वतःचा भांग आरशाशिवाय सापडतो.

त्यांच्या हातून भलतंच बटण दाबलं जाई आणि माझा मजकूर बिघडे. शेवटी सरांनी त्यांचे कीबोर्ड कॉम्प्युटरपासून काढूनच टाकले. वायर नुसती मागे लोंबते.

"तुमी फकस्त बोटं हालवा बे. पेटी वाजवल्यावानी."

वाजवत बसले. भजनी मंडळाने दारात उभं केलं नसतं.

मग मला: "प्रत्येकाच्या पेपरात चार-पाच चुका टाक. एकदम शुद्ध आलं का शक येते."

बाबांनी मला पाटीच्या आधी टाईपरायटरच्या मशीनवर अक्षरं शिकवली. कोर्टाबाहेरचं त्यांचं टेबल उठलं की मशीन घरी यायचं, न बघता टाईप करायला माझ्या हातांवर टॉवेल पडायचा. चुकलं तर रागावणं नाही, फक्त नवा कागद. आणि हा माणूस मला चुका शिकवतो. प्रयत्न केला. बोटं वळेनात. याचीही लाज वाटली, का कोण जाणे.

९ डिसें., मंगळ.
चौथी वायर वर्षाची. जानेफळहून एसटीने येते, सगळ्यांच्या आधी येऊन सराव करते. तिच्या वडिलांना सरांनी पास व्हायची गॅरंटी विकली, तिला न विचारता.

"मॅडम, मले येते ना टायपिंग?"

हो म्हटलं.

"मंग माह्या कीबोर्डची वायर काऊन काढली?"

तीच पुढे म्हणाली, "सर बाबाले म्हणे, पोरीचा भरोसा नसते, ऐन वक्ताले घाबरते."

घाबरते! घाबरते ती मी.

१० डिसें.
बोलले सरांशी. वर्षाला तिचं तिला टाईप करू द्या.

मोबाइलमधून मान वर नाही. "तू काऊन टेन्शन घेऊन राह्यली? पोरगी पास, बाप खुश. अन् तुले नसन जमत तं हिवऱ्याची एक पोरगी तयार हाय तुह्या जागेवर."

त्या पोरीचा स्पीड किती कमी, मला ठाऊक आहे. सरांना नाही. संस्थाचालक! स्वतः एका बोटाने टाईप करतात, तेही बोट चाटून, नोटा मोजल्यासारखं.

१३ डिसें., शनि.
बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं,

"त्या पोरीची वायर लावाले किती वेळ लागते?"

"काहीच नाही."

"अन् बाकीच्या तिघाइची?"

"त्यांची लावून काय फायदा, बाबा?"

"फायदा नाही इचारला मी."

१५ डिसें., सोम.
लिहून ठेवते, म्हणजे सकाळी स्वतःलाच वेगळं सांगता येणार नाही.

क्लासची किल्ली माझ्याकडे असते. परीक्षक यायच्या आत डब्याच्या चारही वायरी काढायच्या. चौघांचेही कीबोर्ड जोडायचे, सचिनचासुद्धा. अन्याय माझ्या हातून नको. वर्षाला एवढंच सांगायचं की टाईप कर. केबिनच्या खुर्चीत बसायचं नाही. सर बसू देत, बोट चाटत.

तिघे बोटं हालवतीलच. या वेळी उमटेल.

पगाराचं काय, माहीत नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.

किल्ली पर्समध्ये टाकली. दोनदा बघितली.

उद्या, मंगळवार, १६ डिसेंबर. परीक्षेची पहिली बॅच.