आई किती वेळा येते

४ मार्च
राखोलीत मुक्काम पडला! हर्षलच्या कंपनीने दमणगंगेच्या काठी घर दिलंय आणि कुंपणापलीकडच्या अर्जुनाच्या झाडावर मोठ्या वटवाघळांची अख्खी वसाहत लटकलेली. नवऱ्याला नोकरी, मला संशोधन, सहा वर्षांच्या सायलीला झोपाळा. आणखी काय हवं? शेजारच्या सुनंदाकाकू ढोकळा घेऊन आल्या. या घाणेरड्या पाखरांत काय बघायचं, म्हणाल्या. मी म्हटलं, भांडणं. जागेवरून, खाण्यावरून, बायकांवरून, अगदी सोसायटीच्या मीटिंगसारखी. काकू पोट धरून हसल्या.

९ मार्च
प्रत्येक आई आपल्या पिल्लाचं रडणं ओळखते. माझा प्रश्न साधा: हाक खोटी निघत राहिली तर आई किती वेळा येते? काठीला जाळी बांधून एक पिल्लू उतरवलं, पिशवीत कोंडलं, रडणं रेकॉर्ड केलं आणि फांदीवरच्या स्पीकरवर लावलं. फाटक्या कानाची त्याची आई भर उन्हात उडत आली. स्पीकर हुंगला, चाटला, पंखात घेतला. बाळ परत दे, म्हणून सायलीने भोकाड पसरलं. तिला चॉकलेट दिलं.

१५ मार्च
आई थकली. काल तिने नुसती मान उचलली, जागची हलली नाही. मग खरं पिल्लू खालच्या फांदीला लटकवलं. अंधार पडेपर्यंत ते रडलं. तिचे कान हलले, ती आली नाही. सकाळी पिल्लाला मुंग्या लागल्या होत्या. इतका स्वच्छ निष्कर्ष नशिबानेच मिळतो.
ते काढताना सगळं झाड गप्प होतं. सगळी तोंडं माझ्याकडे.

२० मार्च
दुपारी झाडावरून सायली रडली. आई, मला घे ना, आई. अनवाणी धावले. झाडाखाली कुणी नाही. सायली घरात दूधभात खात होती.
पुन्हा आवाज आला तेव्हा रेकॉर्ड करून ताडून पाहिला. तिचाच. वटवाघूळ माणसाची नक्कल करतं! माझं नाव होणार.

२३ मार्च
आज परत परत धावले. प्रत्येक वेळी सायली घरात. फाटक्या कानाची मादी खालच्या फांदीवर येऊन माझ्याकडे बघत बसते. मी अशीच बघत होते, तिच्याकडे.
हर्षलला फोन केला. वैतागला. शिफ्ट टाकून येऊ का आता, म्हणाला.

२६ मार्च
सुनंदाकाकू रागावल्या. एवढ्या तडक्यात पोरीला नदीवर काय बोलावतेस, ऊन लागेल ना तिला? त्यांनीच तिला काठावरून परत आणलं. सायली म्हणते, आईने हाक मारली.
मी मारली नव्हती.
दाराची वरची कडी लावली. तिचा हात पोचत नाही. शनिवारी पुण्याला जायचं. संशोधन गेलं खड्ड्यात.

२८ मार्च
आता धावत नाही. आवाज आला की हॉलमध्ये डोकावते, सायली दिसते, परत बसते. संध्याकाळी डोकावलेसुद्धा नाही. उद्या शनिवार—

२९ मार्च
बॅगा भरून झाल्या. हर्षल गाडी आणायला गेलाय. जेवणापासून रडणं चालू आहे. उठणार नाही. लिहीत बसते, म्हणजे कान तिकडे जाणार नाहीत.
आज नदीकडून येतंय. आई, आई, आणि मग खोकला. नाकातोंडात पाणी गेल्यासारखा. फार हुबेहूब—

खोकला?
सायली कधी पाण्यात पडली नाही. असा खोकला त्यांनी ऐकला कुठे—

हाक मारली. हॉलमध्ये टीव्ही चालू आहे. ती ओ देत नाही.
रडणं थांबलं.
आता झाडावरून माझा आवाज येतोय. सायली, ये गं बाळा, ये—

दाराशी स्टूल. कडी काढलेली—