विहिरीच्या सहा फेऱ्या

१९ मार्च

पाच महिने वही उघडली नाही. चूक झाली, माफी असावी. पण रोज एकच ओळ लिहावी लागली असती — आजही उत्तर आलं नाही!

लेकीनं, तनुजानं, उदगीरला मत्स्यशास्त्राची पदवी घेतली. बरोबरच्या मुली मत्स्यखाद्याच्या कंपन्यांत लागल्या. हिला समुद्र हवा. तिसऱ्या वर्षाच्या सहलीत किनाऱ्यावर एक मेलेलं कासव पाहिलं होतं, मानेत जाळ्याची दोरी रुतलेली. तेव्हापासून हेच. चौदा अर्ज गेले. तीन ठिकाणांहून नकार, बाकीच्यांकडून तोही नाही.

काल लातूरला लग्नात मेहुण्यानं, केरबानं, पंगतीत सगळ्यांसमोर सुनावलं, "दाजी, आमच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आन् तुमची पोरगी समुद्र वाचवायला निघाली!" सगळे हसले. मीही हसलो. तनुजा वाढत होती. तिनं ऐकलं असणारच.

मी का हसलो?

२ एप्रिल

कोकणातल्या एका संस्थेनं बोलावलं! जाळ्यात अडकलेली कासवं सोडवतात. वर्षभराचं काम, राहण्याची सोय. मुलाखत ४ मे. एकच अट — समुद्रात शंभर मीटर पोहून दाखवायचं.

तनुजाला पोहता येत नाही.

३ एप्रिल

झोप नाही. धाकट्या सत्यमला आठव्या वर्षी गावच्या विहिरीत भोपळा बांधून सोडलं. तनुजा दहाची होती. भावाचे कपडे धरून काठावर उभी. "बाबा, मी पण." मी काय म्हणालो ते नीट आठवतंय — "मुलींनी विहिरीत उतरायचं नसतं, लोक बघतात."

वीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतोय. माशाला कल्ले कसे फुटले ते फळ्यावर काढतो. आणि पोरीला हे सांगितलं!

इथला नांदेडचा तरणतलाव दुरुस्तीसाठी बंद. विष्णुपुरीच्या धरणात उतरवायची हिंमत नाही. रजा टाकली.

६ एप्रिल

हिमायतनगरजवळचं आमचं गाव. काल संध्याकाळी दगडोबाकाकांकडे गेलो. गावातली निम्मी पोरं त्यांनीच पोहायला शिकवलेली. सत्तरी उलटली. म्हणाले, "मास्तर, लेकीच्या जातीला म्या कव्हा शिकिवलं न्हाई."

"मग नाही म्हणता?"

"न्हाई कुठं म्हनलं? भोपळा लई मोठा आनावा लागंल, येवढंच!"

तनुजा किती दिवसांनी मोकळी हसली.

आज सकाळी सहाला विहिरीत उतरली, पंजाबी ड्रेस घालून. काठावर बघे जमले. मी सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिलो. लाजेनं की रागानं? नीट सांगता येत नाही.

११ एप्रिल

भोपळा सोडला की बुडते. नाकातोंडात पाणी. आज रडली. काका वरून ओरडत होते, "भिऊन राहिली व्हय? पानी काय खातंय का तुला? कडंकडंनं फीर! दम लागला की दगड धर!"

१६ एप्रिल

दोरी घेऊन विहीर मोजली. काठानं एक फेरी सतरा मीटर. सहा फेऱ्या म्हणजे एकशे दोन. तिला सांगितलं — दगडाला हात न लावता सहा फेऱ्या मार, की झालं!

२३ एप्रिल

सहा! एकदाही दगड धरला नाही. मी मोठ्यानं मोजत होतो. काकांनी टोपी काढून झटकली आणि म्हणाले, "घ्या मास्तर, तुमचं कासव."

२८ एप्रिल

विहिरीचं पाणी आटून छातीपर्यंत आलं. आता पोहणं होत नाही, नुसतं चालणं होतं. नांदेडला परतलो.

२ मे

बसस्टँडवर सोडलं. सिंधूनं डब्यात धपाटे दिले. "तिथं मासे खाऊन कंटाळशील." तनुजा म्हणाली, "आई, अजून घेतलंय कुठं मला!" मी खिडकीपाशी जाऊन पुन्हा तेच — "सहा फेऱ्या, लक्षात ठेव."

४ मे

"बाबा, घेतलं मला!"

बाकी फोनवर काही ऐकू आलं नाही. मागे वारा फार होता.

५ मे

पेढे वाटले. केरबा लातूरहून मुद्दाम आला, दोन पेढे खाल्ले. "भाची आमची, पाण्यातली निघाली!" खोचक उत्तर द्यायचं मनात होतं. दिलं नाही.

९ मे

रोज दुपारी फोन येतो. काल एका कासवाच्या मानेतली दोरी कापली म्हणे. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं. सांगताना थोडं वाढवलंसुद्धा — एकाची दोन कासवं केली. हे बरं नव्हे.

१३ मे

आज काय ऐकलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

मुलींच्या राहण्याचं विचारावं म्हणून संस्थेत फोन केला. तिथल्या आरतीताई बोलल्या. "सर, तनुजानं तुम्हाला सांगितलं नाही का?"

तिला घेतलेलंच नाही.

"समोरच्या होडीपर्यंत जायचं होतं, बस्स. ती डावीकडे वळत वळत परत आमच्याकडेच आली. दुसऱ्यांदा सोडलं, पुन्हा तसंच. मग मध्येच थांबून हातानं काहीतरी चाचपायला लागली. पाण्यात धरायला काय असणार, सर? आम्हीच ओढून काढलं. पोरगी सारखी म्हणत होती, माझ्या सहा फेऱ्या पूर्ण होतात."

दोरी मी लावली. गुणाकार मी केला. अंतर बरोबर काढलं — आणि समुद्राला काठ नसतो, एवढंच ध्यानात आलं नाही.

"मग आता ती कुठं आहे?"

"इथंच आहे. जेट्टीवर बायकांबरोबर कोळंबी सोलते, त्यांच्याकडेच राहते. पहाटे पाण्यात असते. एकटी उतरू नको म्हणून रागावले मी. ऑक्टोबरला परत परीक्षा घेऊ, पण सर, शब्द देत नाही. जागा एकच आहे, आणि येणारी मुलं किनाऱ्यावरची असतात."

म्हणजे ती कासवं, ती दोरी, सगळं रचलेलं. वर्गात हजेरी एकीनं दुसरीची दिली तर मी दोघींना उभं करतो. ही माझी मुलगी! राग यायला हवा होता. आला नाही.

जाऊन घेऊन यावं का? आणून काय सांगायचं, आणि तिला इथं करायला काय आहे? ऑक्टोबरलाही नाहीच घेतलं तर?

फोन ठेवता ठेवता आरतीताई म्हणाल्या, "हात फार चिरलेत तिचे. सवय नाही ना."

१४ मे

दुपारी फोन आला. आज दोन कासवं सोडवली म्हणाली. मी म्हणालो, "शाब्बास." आवाज स्थिर राहिला. सिंधूला काही सांगितलेलं नाही.

उद्या — रबरी हातमोज्यांचे चार जोड आरतीताईंच्या नावावर कुरिअरनं पाठवणे. आत चिठ्ठी नको.