पाट्यांनी सोडलेलं मीठ

६ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

तू विहिरीवर यंत्र बसवून गेलीस त्याला आज दहा दिवस झाले. पानांच्या कडा करपवून रुसून बसलेल्या लिंबाच्या रोपांना नवी पालवी फुटली आहे! या खाऱ्या पाण्यापायी यंदा रोपवाटिका बंद करायचं मी ठरवलंच होतं. आता नाही.

तू शिकवलंस तसंच करतो. कार्बनच्या दोन काळ्या पाट्यांमधून पाणी सोडायचं, वीज दिली की मीठ पाट्यांना चिकटतं. पाट्या भरल्या की बटण उलटं फिरवायचं, त्या मीठ सोडतात आणि थोड्या पाण्याबरोबर ते बाहेर येतं. मी कुणाचं इतकं मुकाट्यानं ऐकलेलं मामीनं चाळीस वर्षांत पाहिलेलं नाही म्हणे. गोड पाणी मोजलं : लिटरला अर्धा ग्रॅम मीठ. थेंबही वाया जात नाही, निश्चिंत राहा.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आमचा जीव तुझ्यात आहे, एवढं लक्षात असू दे.

तुझा,
मामा

१४ मार्च

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

तुमचे आकडे पोचले. अक्षर मोत्यासारखं, आकडे मात्र रडवणारे. अर्धा, पाऊण, एक, आता सव्वा ग्रॅम! आपली चार यंत्रं चार गावांत आहेत आणि चारही ठिकाणी हीच रड. प्रयोगशाळेचे आमचे सर म्हणतात, पाट्या थकल्या, महिनाअखेर यंत्रं उचला आणि काम बंद करा. माझी तीन वर्षं पाण्यात गेली. प्रयोगशाळेत मी याच पाट्या हजार वेळा भरल्या आणि रिकाम्या केल्या, तिथे त्या एकदाही थकल्या नाहीत.

तुम्हाला उगाच आशा लावली, याचं जास्त वाईट वाटतं. मी रडत नाहीये असं मामीला सांगा. ती विश्वास ठेवणार नाही, पण सांगा.

माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
ठिणगी

१९ मार्च

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. मामी रोपांना माती लावत होती. तिनं मान वर न करता विचारलं, की त्या पाट्यांनी सोडलेलं मीठ तुम्ही कुठे टाकता?

बाई गं, ते मी रोज परत विहिरीत ओततो. दोन बादल्या असतात. पाणी फेकायचं माझ्या जिवावर येतं, तुला ठाऊक आहे. आज विहिरीचं पाणी मोजलं. तू बसवलंस तेव्हा लिटरला दोन ग्रॅम होतं, आज तीनच्या वर आहे. पाट्या बिचाऱ्या तेच तेच मीठ पुन्हा पुन्हा काढत बसल्या.

लाज वाटते. आयुष्यभर पाणी जपा म्हणून सगळ्यांना ऐकवत आलो आणि तुझ्या कामावरच पाणी ओतलं. हे पत्र सरांना दाखव. दोष पाट्यांचा नाही, माझा आहे, असं सांग.

रागावलीस तरी पत्र लिही.

तुझा,
मामा

२७ मार्च

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

रागावू कशी? सूचनांची चौदा पानं मी लिहिली. मीठ कसं काढायचं ते सगळं त्यात आहे, टाकायचं कुठे याची एक ओळ नाही. विहिरीचं पाणी पुन्हा मोजायलाही मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

पत्र सरांना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि बाकीच्या तिघांना तिथल्या तिथे फोन लावला. आधी तिघांनीही सगळं सांगितल्याप्रमाणे चाललंय असंच सांगितलं. मग सरांनी उरलेल्या पाण्याचं थेट विचारलं. तिघंही विहिरीतच ओतत होते, मामा! आम्ही न विचारता कबूल करणारे तुम्ही एकटेच.

सर म्हणाले, यंत्रं कुठेही हलणार नाहीत. आणखी एक वर्ष मिळालं. रविवारी फावडं आणि प्लास्टिकचा कागद घेऊन येते, खाऱ्या पाण्यासाठी उथळ खड्डा खणू. ते उन्हात वाळेल.

मामीला मात्र नीट सांगा, की सरांनी आम्हा सगळ्यांदेखत विचारलं, तिचा प्रश्न तुमच्यापैकी एकालाही का सुचला नाही.

तुमची,
ठिणगी