आबासाहेबांची खुर्ची आणि वैष्णवीची शाळा

सुभानपुरा, बडोदे

तीर्थरूप प्रतापसिंहदादांना उदयचा शिरसाष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे मनातल्या मनात). कोल्हापूरची हवा तुम्हाला मानवत असेल, वहिनींची कंबर सरळ झाली असेल. आम्ही सर्व ठीक. कालपासून तर फारच ठीक, कारण वैष्णवीला शाळेत प्रवेश मिळाला आणि माझा जीव भांड्यात पडला.

वैष्णवी म्हणजे आपल्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या जिजाबाईंची नात. आईबाप मजुरीला सुरतेकडे, पोर आजीपाशी. सरकारने खासगी शाळांत गरीब मुलांसाठी पहिलीच्या मोफत जागा ठेवल्या आहेत, त्यातली एक तिला मिळावी म्हणून मी अर्ज भरला. (म्हणजे सूनबाईंनी भरला, मी मागे उभा राहून सूचना दिल्या.) सगळे दाखले जमले. मग निरोप आला, की घरची परिस्थिती बघायला कचेरीतून बाई येणार.

आता आपल्या घराण्यात सरकारी माणूस येणार म्हटलं की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. साधा तलाठी आला तरी आबासाहेब गालिचा अंथरायचे. जिजाबाईंची एक खोली, पाहुणीने बसायचं कुठे? मी हातगाडी केली. गालिचा, टेबलफॅन, चांदीचे पेले आणि आबासाहेबांची कोरीव खुर्ची तिकडे नेऊन मांडली. वैष्णवीला आमच्या नातीचा जरीचा परकर घातला. खंडेराव मार्केटातून हापूस आणून आमरस केला. "साहेब, गरिबी बघायला येतायत ना त्या?" असं जिजाबाईंनी विचारलं, तर मी त्यांनाच गप्प केलं. (माझ्या चुका मोजायच्या झाल्या तर इथून सुरुवात करा.)

कचेरीतल्या पूर्णिमाबेन आल्या, खुर्चीत बसल्या, दोन पेले आमरस घेतला आणि कागदावर लिहिलं, कुटुंब सुखवस्तू दिसतं. मी ते उलट्या बाजूने वाचलं. त्या गेल्यावर जिजाबाई नेहमीसारख्या आमच्याकडे स्वयंपाकाला आल्या. संध्याकाळच्या आमटीत मीठ नव्हतं. मी ती तशीच ओरपली, दादा. पोरीची शाळा मी आमरसात बुडवली होती.

वाचवलं ते बेनच्या विसराळूपणाने. चष्मा राहिला म्हणून त्या दुसऱ्या दिवशी सकाळी परत आल्या, तर गल्लीच्या तोंडाशीच मी हातगाडी ओढतोय, जिजाबाई ढकलतायत आणि मागून विटक्या फ्रॉकमधली वैष्णवी चांदीचे पेले सांभाळत येतेय! बेननी खोलीत डोकावलं. एक चटई, एक पत्र्याची पेटी, एक शेगडी. मी हात जोडून सगळं कबूल केलं. त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि तिथेच कागद काढून कालची ओळ खोडली. जाताना म्हणाल्या, "काका, हवे कोई आवे तो फक्त पाणी आपजो!" (म्हणजे, आता कुणी आलं तर नुसतं पाणी द्या.)

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा,
उदयसिंहराव

ता. क. परत नेण्यासाठी खुर्ची हातगाडीवर चढवताना तिचा एक पाय मोडला, म्हणून ती जिजाबाईंच्या दाराबाहेरच राहिली आणि नंतर त्यांनी आत घेतली. वाटणीत ती तुमची आहे हे मी विसरलेलो नाही. म्हणून तर पत्र एवढं लांबलं.

आणखी एक. मोडक्या पायाखाली जिजाबाईंनी विटा लावल्या आहेत. वैष्णवी खुर्चीत मांडी घालून पाटी गिरवते आणि मी दिसलो की विचारते, "आजोबा, ही कधी नेणार?" राहू द्या ना तिथेच, दादा. तुमचा होकार आलाय असं मी तिला कालच सांगून टाकलंय.